आशा-सानची रोजनिशी : पलटण, प्रतीक्षा आणि भाषा

आझाद हिंद सेनेतील स्त्रियांच्या पलटणीविषयी रोजनिशीच्या रूपाने जे लेखन पुढे आले, त्यातील दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. पहिले पुस्तक १९४५ मध्ये मुंबईच्या जन्मभूमी प्रकाशन मंदिराने प्रसिद्ध केले. ‘जय हिंद’ या नावाच्या त्या इंग्रजी पुस्तकाच्या उपशीर्षकात ती हिंदुस्थानच्या एका बंडखोर कन्येची, झाशीची राणी पलटणीबरोबर वावरलेल्या स्त्रीची रोजनिशी असल्याचे म्हटले होते. लाल किल्ल्यातील खटल्यांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रारंभ झाला. युद्धकाळात दडपून ठेवलेल्या या सेनेच्या कथेविषयी देशभर विलक्षण उत्कंठा दाटलेली होती, आणि वाचकाला त्या क्षणी जे हवे होते ते या पुस्तकाने दिले. पुढे अभ्यासकांनी तिच्या अस्सलपणाविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. अमृतलाल शेठ यांच्यासारख्या मुरलेल्या पत्रकाराचा हात पुस्तकामागे होता, हे लक्षात घेतले की ती लिहिली गेली नसून रचली गेली असावी, या मताला बळ मिळते.

दुसरी रोजनिशी भारती ‘आशा’ सहाय चौधरी यांची. तिच्या नोंदी १९४३ ते १९४७ या काळातील आहेत. म्हणजे रचलेली रोजनिशी मुंबईच्या बाजारात आली तेव्हा खरी रोजनिशी एका सतरा वर्षांच्या मुलीच्या वहीत अजून लिहिली जात होती. ती मुलगी जपानीत लिहीत होती. भारतात परतल्यानंतर कालांतराने त्यांनी स्वतःच या वह्यांचे हिंदी रूपांतर केले, आणि २०२२ मध्ये तन्वी श्रीवास्तव यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द वॉर डायरी ऑफ आशा-सान’ या नावाने प्रसिद्ध झाला. अनुवादिका लेखिकेच्या नातसून आहेत. एका मुलीचे लेखन तीन भाषांतून आणि दोन स्त्रियांच्या हातून आजच्या वाचकापर्यंत आले आहे, ही गोष्ट या पुस्तकाच्या कोणत्याही विचारात आधी ध्यानात घ्यावी लागते.

खोटी रोजनिशी कशावरून ओळखावी? तारखांच्या विसंगतीवरून ती पकडता येते, परंतु हे इतिहासकाराचे साधन झाले. साहित्याच्या वाचकाजवळ निराळी खूण असते. रचलेल्या रोजनिशीत निवेदिका नेहमी इतिहासाच्या ऐन मध्यभागी उभी असते. नेता बोलतो तेव्हा ती ऐकायला हजर, सैन्य निघते तेव्हा ती निरोप द्यायला हजर, महत्त्वाचे काही तिच्या पाठीमागे घडत नाही. खऱ्या रोजनिशीत महत्त्वाचे ते बहुधा अन्यत्र घडत असते. लिहिणाऱ्याला ते उशिरा, अपुरे, कधी चुकीचे कळते. आणि ज्या दिवशी जगाच्या दृष्टीने काही घडले त्या दिवशी वहीत भलतेच काही नोंदलेले सापडते. आशा-सानच्या रोजनिशीचे खरे सामर्थ्य या दुसऱ्या प्रकारचे आहे. युद्धात सामील होण्यासाठी जीव टाकणाऱ्या मुलीच्या हातून युद्ध निसटत जाते. पुस्तकाची आत्मा असलेली ही गोष्ट कोणीही योजलेली नाही.

आशा सहाय यांचा जन्म १९२८ मध्ये कोबे येथे झाला. वडील आनंद मोहन सहाय मूळचे बिहारचे. १९२३ मध्ये ते जपानला गेले, तेथे राष्ट्रसभेचे काम करू लागले, आणि पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या निकटच्या सहकाऱ्यांत त्यांची गणना झाली. आई सती सहाय या देशबंधू चित्तरंजन दास यांच्या आप्तांपैकी. म्हणजे देशभक्ती या घरात वारसाहक्काने आलेली. मात्र मुलीचे शिक्षण जपानी शाळेत, मैत्रिणी जपानी, मनातल्या मनात बोलायची भाषाही जपानी. १९४३ मध्ये नेताजी टोकियोला आले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्या वर्षी जुलैत सिंगापूरला स्त्रियांच्या पलटणीची हाक दिली गेली, २२ ऑक्टोबरला तेथे प्रशिक्षणाची छावणी सुरू झाली. आशाला मात्र पलटणीत दाखल होण्यासाठी १९४५ उजाडावे लागले.

या दोन वर्षांत काय काय होऊन गेले हे नुसते कालानुक्रमे मांडले तरी रोजनिशीतील कारुण्य उलगडते. इंफाळ आणि कोहिमाची मोहीम १९४४ च्या जुलैत फसली. १९४५ च्या मार्चमध्ये एका रात्रीच्या हवाई हल्ल्यात टोकियोचा मोठा भाग जळून सुमारे एक लाख माणसे मेली. एप्रिलच्या अखेरीस नेताजींनी रंगून सोडले, मेच्या आरंभी ते शहर इंग्रजांच्या हाती गेले. ज्या सैन्यात भरती होण्यासाठी ही मुलगी तैवानमार्गे थायलंडकडे निघते, ते सैन्य तोवर माघारीच्या वाटेवर आहे. वाचकाला हे ठाऊक असते. तिला त्याचा पुरता अदमास नसतो. शोकात्मिकेत प्रेक्षक आणि पात्र यांच्या जाणिवेत जे अंतर नाटककार मुद्दाम निर्माण करतो, ते येथे केवळ तारखांनी निर्माण केले आहे. तिचा उत्साह जसजसा वाढतो तसतशी वाचकाची अस्वस्थता वाढत जाते.

प्रशिक्षण होते. गणवेश, कवायत, बंदूक, शिस्त, सहकारी मुलींचा सहवास या सर्व गोष्टी तिला लाभतात. लढाई मात्र लाभत नाही. १५ ऑगस्टला जपानची शरणागती जाहीर होते. तीनच दिवसांनी तैपेई येथील विमान-अपघात. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या मुलीच्या आयुष्यातील दोन्ही आधार एका आठवड्यात निखळतात. जपान ही जन्मभूमी, नेताजी हे ध्येयाचे मूर्त रूप. या ठिकाणी रोजनिशी हा प्रकार आत्मचरित्राहून किती वेगळा आहे हे जाणवते. आत्मचरित्रकाराला अशा आघाताचा अर्थ लावूनच पुढे जावे लागते. रोजनिशी लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तारीख घालावी लागते, एवढेच.

मराठीत या पुस्तकाविषयी लिहिताना एक अडचण प्रारंभीच येते, आणि ती निव्वळ व्याकरणाची नाही. वही लिहिणारी मुलगी ‘ती’ आहे. वहीचे हिंदी रूपांतर करणाऱ्या वयस्क लेखिका ‘त्या’ आहेत. इंग्रजी सर्वनामात हा भेद पुसला जातो, मराठीत तो टाळताच येत नाही. तिने लिहिले आणि त्यांनी उतरवले. त्यांनी उतरवताना तिला किती बोलू दिले? रोजनिशी आणि आठवण यांच्या सीमेवरच्या या लेखनाचा कळीचा प्रश्न हाच आहे.

मराठी वाचकाला या संबंधाचा एक अत्यंत समृद्ध नमुना परिचयाचा आहे. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाई टिळक आपल्या लहानपणाकडे पाहतात ते हसत. सोवळ्याओवळ्याच्या धाकात वाढलेली ती भाबडी पोर आणि तिची गोष्ट सांगणारी प्रौढ स्त्री यांच्यामध्ये जे मोकळे, मायाळू अंतर आहे, त्यातच त्या पुस्तकाचा विनोद जन्मतो. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त अंतर आहे, पण हसू जपून येते, तेथे प्रौढ स्त्री लहान मुलीला पतीच्या स्मृतीच्या प्रकाशात उभी करते. आशा-सानच्या पुस्तकात यांपैकी काहीच घडत नाही. प्रौढ लेखिका मुलीला हसत नाही, रागे भरत नाही, तिच्या वतीने खुलासाही करीत नाही. तिची निष्ठा तिच्याच ताठ, थोड्या अलंकारिक, थोड्या शाळकरी आवाजात उभी राहते. काही वाचकांना हे लेखन एकसुरी वाटेल, आणि तो आक्षेप सर्वस्वी अनाठायी नाही. नेताजींविषयीचे उद्गार पुनरावृत्त होतात. त्यागाच्या भाषेला चढउतार कमी आहेत. तथापि सतराव्या वर्षीची भक्ती ही अशीच एकसुरी असते. तिला सूक्ष्म छटा दिल्या असत्या तर त्या पन्नाशीतल्या बाईच्या छटा झाल्या असत्या.

अ‍ॅन फ्रँक आशाहून केवळ एका वर्षाने लहान. तिने आपली रोजनिशी लपून राहिलेल्या जागेतच १९४४ मध्ये स्वतः पुन्हा लिहावयास घेतली होती, आणि म्हणून १९८६ मध्ये नेदरलंड्समध्ये निघालेल्या चिकित्सक आवृत्तीत तिची निरनिराळी पाठरूपे शेजारी शेजारी छापली गेली. पाठचिकित्सेने त्या रोजनिशीची थोरवी उणावली नाही. उलट लिहिणारी मुलगी एक जाणती लेखिका होऊ पाहत होती हे तिने सिद्ध केले. आशा-सानच्या जपानी वह्या आणि हिंदी पाठ यांचाही असाच एकत्र अभ्यास व्हावयास हवा. ही मागणी संशयापोटी नाही. अनुवाद करताना काय सुटले, काय सौम्य झाले, जपानीतील कोणत्या शब्दाला हिंदीत ‘देश’ म्हटले गेले आणि कोणत्याला ‘मातृभूमी’, हे कळणे या लेखनाच्या गाभ्याशी निगडित आहे.

कारण त्यागाची जी भाषा ही मुलगी बोलते ती तिने कोठून घेतली? सामान्यतः उत्तर दिले जाते : वडिलांकडून, नेताजींकडून, स्वातंत्र्याच्या चळवळीकडून. हे खरे आहे आणि अपुरे आहे. १९४४-४५ मधील जपानी शाळकरी मुलगी ज्या वातावरणात वाढत होती, त्यात स्वतःला विसरून राष्ट्रासाठी जळून जाणे हा रोजचा पाठ होता. मुलींना कारखान्यांत कामाला लावले जात होते, बांबूचे भाले घेऊन कवायत शिकवली जात होती. ओकिनावात शाळकरी मुली शुश्रूषापथक म्हणून रणांगणात नेल्या गेल्या आणि त्यांतील बहुसंख्य मेल्या. आशा ही या पिढीचीच मुलगी होती. तिचे ध्येय भारतीय होते, परंतु ध्येयासाठी मरण्याची रीत तिने जपानी वर्गात आत्मसात केली होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. या दोन प्रवाहांचा संगम हे या रोजनिशीचे वैशिष्ट्य, आणि तिचा अवघड भागही तोच.

अवघड अशासाठी की ज्या जपानवर तिचे प्रेम आहे तो जपान त्या वेळी अन्य आशियाई लोकांच्या मानेवर बसलेला होता. हंगामी आझाद हिंद सरकारची घोषणा २१ ऑक्टोबर १९४३ ची. त्याच महिन्यात सयाम आणि ब्रह्मदेश यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. त्या कामावर युद्धकैद्यांखेरीज सुमारे दोन लाख आशियाई मजूर जुंपले गेले होते, आणि त्यांपैकी मृतांचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास केला जातो. त्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. झाशीची राणी पलटणीतील पुष्कळशा मुली याच मळ्यांवरून आल्या होत्या. आणि ब्रह्मदेशाकडे जाताना पलटणीच्या तुकड्या याच लोहमार्गावरून गेल्या. मळ्यावरच्या माणसांच्या हाडांवरून त्यांच्याच मुलींची गाडी गेली, एवढे भयाण वास्तव त्या काळाच्या पोटात आहे. टोकियोत वाढलेल्या मुलीच्या वहीत ते नाही. जपानविषयीची तिची आत्मीयता चिकित्सेच्या वाटेला फारशी जात नाही.

या उणिवेबद्दल तिला दोष द्यावा काय? समीक्षेने येथे दोन सोपे मार्ग टाळायला हवेत. एक मार्ग असा की वयाकडे बोट दाखवून सारेच माफ करावे. दुसरा असा की आजच्या माहितीच्या उंचवट्यावर उभे राहून तिची भाबडी निष्ठा खोडून काढावी. पहिल्यात मुलीचा अपमान आहे, कारण तिने जाणतेपणी निर्णय घेतला होता आणि आपण लहान आहोत हे कारण तिला स्वतःला कधीच मान्य नव्हते. दुसऱ्यात वाचनाचा अपमान आहे. ज्या आगीत तिचे टोकियो जळत होते ती आग अमेरिकन विमानांनी टाकलेली होती. ज्या सत्तेशी तिला लढायचे होते ती सत्ता इंग्रजांची होती. तिच्या खिडकीतून दिसणारे जग तिने प्रामाणिकपणे लिहिले आहे. न दिसणारे जग शेजारी ठेवण्याचे काम वाचकाचे. रोजनिशीत नंतर भर घालून लेखिकेने ते पार पाडले नाही, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. तसे केले असते तर पुस्तक निर्दोष झाले असते आणि निरुपयोगीही.

पलटणीच्या नावाशी मराठी वाङ्मयाचा एक थेट धागा आहे, आणि तो केवळ अभिमानाने मिरवण्याचा नाही. झाशीच्या राणीला प्रत्यक्ष पाहून लिहिणारा साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक वेढ्याच्या दिवसांत झाशीत सापडला. ‘माझा प्रवास’ त्यांनी १८८३ मध्ये लिहिले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, तेही आपल्या हाताने फेरफार करून. आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या आवृत्तीतून वाचकांपुढे यावयास १९६६ साल उजाडले. गोडसे भटजींची राणी पुतळ्यातली नाही. ती व्यायाम करते, माणसे ओळखते, दमते, तहानेने व्याकुळ होते. सिंगापूर आणि बँकॉकच्या छावण्यांतील मुलींना जी राणी ठाऊक होती ती घोड्यावरची, हातात तलवार घेतलेली, चळवळीने घडवलेली. हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. पण गंमत अशी, की ज्या अर्थाने गोडसे भटजींनी राणीला पुतळेपणातून सोडवले, त्याच अर्थाने आशा-सानची वही त्या पलटणीला सोडवते. कवायतीनंतरचे दुखणारे पाय, न कळणारी हिंदुस्थानी, घरची आठवण, आणि बोलावणे कधी येईल याची वाट पाहणे. पलटण म्हणजे बहुतांशी हेच होते. ब्रह्मदेशात गेलेल्या तुकड्यांनाही आघाडीवर लढण्याची संधी मिळाली नाही. मेम्यो येथील इस्पितळात जखमींची शुश्रूषा हेच त्यांचे मुख्य कार्य राहिले. व्हेरा हिल्डेब्रँड यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पलटणीच्या आकाराविषयीच्या आणि पराक्रमाविषयीच्या अनेक फुगवलेल्या समजुती दूर केल्या आहेत. तेव्हा आशाची प्रतीक्षा ही अपवाद नव्हे. तिच्या वहीत साऱ्या पलटणीची प्रतीक्षा शब्दबद्ध झाली आहे.

भाषेचा प्रश्नही असाच साऱ्या पलटणीचा होता. सेनेने हिंदुस्थानी ही भाषा आणि रोमन ही लिपी स्वीकारली होती, म्हणजे तमिळ बोलणारी मुलगी इंग्रजी अक्षरांतून हिंदुस्थानी आज्ञा शिकत होती. आशा जपानीतून तीच भाषा गाठत होती. ज्या देशात त्या वाढल्या नाहीत, ज्याची भाषा त्यांच्या जिभेवर सहज नाही, त्या देशासाठी प्राण द्यायला निघालेल्या मुलींचे हे सैन्य होते. पुढे याच शिकलेल्या भाषेत आशा सहाय यांनी आपली जपानी तारुण्यकथा उतरवली, ही घटना या पुस्तकातील कोणत्याही वर्णित घटनेइतकीच अर्थपूर्ण आहे. शीर्षकातल्या ‘सान’ या जपानी आदरार्थी प्रत्ययाने मराठी कान क्षणभर चकतो. आपल्याकडे सान म्हणजे लहान. या मुलीला दोन्ही अर्थ लागू पडतात, परंतु हा योगायोग म्हणून सोडून द्यावा.

लक्ष्मी सहगल यांच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणी या रोजनिशीला पूरक म्हणून वाचता येतात. डॉ. लक्ष्मी यांचा जन्म १९१४ चा. पलटणीची धुरा त्यांनी एक शिकलेली, वैद्यक जाणणारी, राजकीय विचाराची प्रौढ स्त्री म्हणून घेतली. त्यांच्या लेखनात निर्णय आहेत, संघटना आहे, पुढच्या आयुष्यातील डाव्या चळवळीचा प्रकाश आहे. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी सोव्हिएत स्त्री-सैनिकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या १९८५ मधील ग्रंथात जे दाखवले, की बायका युद्धाविषयी बोलू लागल्या म्हणजे मोहिमांऐवजी बूट, केस, रक्त, थंडी आणि गाणी बोलू लागतात, ते डॉ. लक्ष्मींच्या आठवणींत थोडे आणि आशा-सानच्या वहीत बरेच आढळते. मात्र अलेक्सिएविच यांच्या स्त्रिया चाळीस वर्षांच्या मौनानंतर बोलतात. आशा त्याच दिवशी लिहिते.

१९४६ मध्ये भारतात आल्यावरचा भाग तुलनेने सपाट आहे. देश भेटतो, पण पाहिलेल्या स्वप्नासारखा नव्हे; स्वातंत्र्य जवळ आले आहे, पण तिच्या बंदुकीने नव्हे. या भ्रमनिरासाची खोली नोंदींमध्ये पुरेशी उतरलेली नाही. सभा, स्वागत, ओळखी यांच्या गर्दीत वहीतली मुलगी दिसेनाशी होऊ लागते. कदाचित ती मोठी होत होती.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. आशा ही नेताजींच्या सरकारातील मंत्रिपदाच्या दर्जाच्या एका अधिकाऱ्याची मुलगी. तिच्या घरी वह्या होत्या, लिहिण्याची सवय होती, आणि त्या वह्या जपून पुढच्या पिढीच्या हाती देणारे कुटुंब होते. मळ्यांवरून आलेल्या मुलींपैकी अनेकींना अक्षरओळखच पलटणीत झाली. त्यांच्यापैकी ज्या दीर्घायुषी ठरल्या त्यांतील काहींना संशोधकांनी वार्धक्यात गाठून बोलते केले. बाकीच्या मलायात, सिंगापुरात, मळ्यांवर परत गेल्या. १९४५ च्या एप्रिलात ब्रह्मदेशातून माघारी येताना आगगाडीवर गनिमांनी केलेल्या हल्ल्यात पलटणीतील दोघी मारल्या गेल्या. स्टेला आणि जोसेफिन अशी त्यांची नावे नोंदली गेली आहेत. वह्या मात्र मागे राहिल्या नाहीत.